नऊ वाजता, तीन उड्या

लेक : ते राहू द्या, बाबा. आधी मला सांगा, तुमचं वजन किती आहे सध्या?

बाबा : वजन? का, धरणाच्या भिंतीत घालायचा विचार आहे की काय मला?

लेक : थट्टा नको. गेल्या बुधवारी, गुरुवारी आणि शुक्रवारी तुमच्या उड्या माझ्या स्क्रीनवर निम्म्याच जोरानं उमटल्यात. भूकंपाचं यंत्र तेच, तळघर तेच, फरशी तीच. मग उडी मारणारा माणूसच उतरला असणार ना?

बाबा : उतरला असेल. वय झालं की उतरतोच माणूस. शिवाय तुझी आई हल्ली मोजून वाढते.

आई : काय म्हणालात? मोजून वाढते? काल दोनदा भात मागून घेतला तो कुणी, डोंगरानं?

लेक : आई, तूही ऐकतेयस होय!

आई : फोन मोठ्या आवाजावर ठेवायची सवय आहे त्यांना. तू तिथे शहरात शिंकलीस तर इथे माझी मांजर उठते. बोल तू, मी भाजी निवडतेय.

बाबा : बाईसाहेब, तुम्हाला केंद्रात भूकंप बघायला बसवलंय की बापाचं पोट बघायला?

लेक : भूकंप बघून झाले. दहा वाजता रिपोर्ट पाठवला : डोंगर शांत, बोगद्यात पाण्याचा दाब वाढवायला हरकत नाही. बारा वाजता ते पूर्ण दाबानं भरतील. तोवर मी मोकळी. म्हणून म्हटलं, जरा बापाकडे बघू.

बाबा : बघितलंस ना? ठणठणीत आहे.

लेक : बाबा, मी दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतं. पण तुमची उडी मी शाळेत असल्यापासून ओळखते. पहिली जोरात, दुसरी त्याहून जोरात, तिसरी कंटाळल्यासारखी. इथे सगळे हसतात मला. म्हणतात, यंत्र जागं आहे का हे बघायला एक बटण असतं, तुझे वडील अजून नाचतात काय?

बाबा : बटण म्हणजे यंत्रानं स्वतःच स्वतःची नाडी बघायची. आजारी माणसाला विचारलं, कसा आहेस, की तो म्हणतो बरा आहे.

लेक : अगदी बरोबर. म्हणूनच तर मी तुम्हाला न विचारता रेघ बघते.

आई : आता बोला! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाबा : तू भाजी निवड.

लेक : आई, काय चाललंय? तू खरं सांग. बाबा आजारी आहेत का? मला भीती वाटतेय गं. एका दिवसात निम्म्या वजनाचा फरक पडलाय. मी काल रात्री नेटवर काय काय वाचलंय, तुला सांगत नाही.

आई : अगं, नको बाई असलं वाचू. त्यांना काही झालेलं नाही. त्या उड्या माझ्या होत्या.

लेक : तुझ्या?

बाबा : झालं. सांगितलंस?

आई : पोरगी तिकडे रडकुंडीला आलीय आणि मी इथे शेंगा सोलत बसू? हो गं, माझ्या. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. पदर खोचून, कठड्याला धरून मारल्या. म्हणाले होते, दोन्ही पाय एकदम पडले पाहिजेत. माझे काही एकदम पडेनात. एकतीस वर्षं मी या माणसाची सगळी कामं केली, पण या वयात उड्या मारायला लावतील असं वाटलं नव्हतं.

लेक : पण तू का? बाबा कुठे होते?

आई : हे? हे पाय वर करून पडले होते. आणि अजूनही पडलेत. गेल्या मंगळवारी तळघराच्या पायऱ्यांवरून घसरले. शेवाळ होतं. घोटा मोडला. खालच्या दवाखान्यात नेऊन प्लास्टर घालून आणलं. सहा आठवडे.

लेक : बाबा!

बाबा : मोडला नाही, चीर आहे.

आई : चीर असती तर डॉक्टर हळहळले नसते.

लेक : आठ दिवस झाले! आठ दिवसांत मी सहा वेळा फोन केला. दर वेळी ‘मजेत आहे’. आई, तूसुद्धा?

आई : मला शपथ घातली होती. आता मोडली ती. माझ्याच्यानं होत नाही बाई, तुला फसवणं. तू फोन ठेवलास की मी दर वेळी यांच्याशी भांडायची.

लेक : का पण? का लपवायचं?

बाबा : तुला कळलं असतं तर तू काय केलं असतंस?

लेक : लगेच आले असते.

बाबा : आणि आल्यावर?

लेक : दोघांना घेऊन आले असते माझ्याकडे.

बाबा : बघ. मग?

लेक : त्यात वाईट काय आहे? खोली रिकामी आहे. लिफ्ट आहे. दवाखाना चार पावलांवर आहे.

बाबा : खोली चांगली आहे, लेकही चांगली आहे. पण तुझ्या खिडकीतून धरण दिसत नाही. हे बघ, मी दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालोय. धरण भरेपर्यंत राहू दे म्हणून अर्ज केला, तर साहेबांनी मुदतवाढ दिली. अट एकच : रोज तळघरात उतरता आलं पाहिजे. पाय मोडला म्हटल्यावर कोण ठेवतंय? अजून पाच-सहा आठवड्यांचा प्रश्न आहे. पाणी वरच्या खुणेला लागलं की मी आपणहून सामान बांधणार आहे.

आई : सामान मी बांधणार आहे. हे फक्त रजिस्टरं बांधतील.

बाबा : मी इथे आलो तेव्हा धरण नव्हतं, बाळ. नुसती नदी होती. पाणी नसताना डोंगर कसा वागतो ते आधी लिहून ठेवा, म्हणजे पाणी आल्यावर काय बदललं ते कळेल, असं सांगून मला पाठवलं. मी ते लिहिलं. मग भिंत उठली, तेव्हाचं लिहिलं. आता पाणी चढतंय. शेवटचं पान तेवढं राहिलंय. ते दुसऱ्यानं लिहावं असं नाही वाटत. एवढंच. हट्ट म्हण हवं तर.

लेक : हट्टच आहे. पण मला सांगितलं असतंत तर मी काही मार्ग काढला असता.

बाबा : तू माझी लेक आहेस तशी केंद्राची अधिकारीही आहेस. तुला सांगितलं असतं तर तुला वर सांगावं लागलं असतं. नसतं सांगितलंस तर तू माझी लेक उरली असतीस, अधिकारी नाही. तुला त्या पेचात कशाला टाकायचं?

आई : ऐकलंस? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मूठ झाकायला मी उड्या मारायच्या.

लेक : हसू येतंय मला, आणि रागही येतोय. आई, तुझ्या गुडघ्यांचं काय?

आई : शुक्रवारी तिसऱ्या उडीला अशी कळ आली म्हणतेस, तिथेच खाली बसले. चढून वर यायला पाऊण तास लागला. तेव्हापासून बंद.

लेक : म्हणजे शनिवारपासून बाबाच उतरताहेत? प्लास्टर घातलेल्या पायानं? बेचाळीस पायऱ्या? बाबा, वेड लागलंय का तुम्हाला? आणि वर उड्या!

बाबा : कोण उतरतंय?

लेक : मग कोण उतरतंय?

आई : कुणी नाही. शनिवारपासून तळघराला कुलूप आहे. किल्ली इथे माझ्या कमरेला आहे.

लेक : नाही, आई. आठव नीट. बाबांचा मेसेज रोज आलाय. ‘नऊ वाजता, तीन उड्या, ठीक.’ शनिवार, रविवार, सोमवार, आज.

बाबा : मेसेज पाठवला मी. उड्या नाही मारल्या.

लेक : नाही मारल्या?

बाबा : खोटं लिहिलं. चार दिवस. यंत्र नीट चालतंय हे मला माहीत होतं, म्हटलं चार दिवसांनी काय बिघडतंय. आता खूप बोलून घे, मी ऐकतो.

लेक : बाबा, थांबा. थांबा जरा. शनिवारी उड्या आहेत.

बाबा : कुठे आहेत?

लेक : रेघेवर. शनिवारी तीन. रविवारी तीन. काल चार. आज पाच. चांगल्या भरदार, म्हणून तर वजनाचं कोडं आणखीच सुटेना. मी काल हसले होते. म्हटलं, बाबांना आकडा विसरायला झालं. आज पाच बघितल्या तेव्हा वाटलं, आईशी भांडण झालं असणार.

बाबा : आई आज माझ्याशी भांडलेली नाही.

आई : आज सवड नाही झाली.

लेक : मी त्या सगळ्या खोडल्या. शेजारी शेरा लिहिला, ‘घरचे’. रोज लिहिते. नऊच्या आसपास काही दिसलं की ‘घरचे’ म्हणायचं आणि पुढे जायचं. बाबा, तळघरात कुणी नव्हतं ना? झाडणारी बाई? कुत्रं?

बाबा : कुत्र्याच्या उडीनं तेवढी रेघ हलत नाही. वेळ सांग मला. सेकंदासकट.

लेक : थांबा, उघडते. शनिवार. नऊ वाजून दोन मिनिटं अकरा सेकंद. मग तीन मिनिटं चाळीस. मग सहा मिनिटं पाच.

बाबा : माझ्या उड्यांत किती अंतर असतं?

लेक : दोन सेकंद. फार तर तीन.

बाबा : आणि इथे दीड-अडीच मिनिटांचं आहे. हे दिसलं नाही तुला?

लेक : नाही दिसलं. म्हणजे दिसलं, पण वाटलं दम लागत असेल तुम्हाला आता. मध्ये थांबत असाल. कीव आली होती मला तुमची.

बाबा : आज?

लेक : आज नऊ वाजून एक मिनिटापासून नऊ वाजून दहापर्यंत. पाच.

बाबा : बोगद्यात पाणी किती वाजता सोडतात?

लेक : पावणेनऊला. रोज थोडा थोडा दाब वाढवून बघताहेत, आणि दहापर्यंत पाणी परत काढून घेतात. कधीपासून... शनिवारपासून.

बाबा : शनिवारपासून. आणि बोगदा कुठून जातो?

लेक : तळ्यातून वीजघराकडे. तुमच्या डोंगराच्या पोटातून.

बाबा : आता आजची पहिली घे आणि मोठी करून बघ. खूप मोठी. उडी असेल तर एकच धक्का दिसेल, फरशीवर धप्पकन. जमिनीतला हादरा असेल तर दोन पावलं दिसतील. आधी एक हलकं, त्याच्या पाठोपाठ जड.

आई : अहो, पाय खाली सोडू नका. कुठे निघालात?

बाबा : कुठे जातोय? बसलोय. उशी दे. काय दिसतंय, बाळ?

लेक : दोन. दोन पावलं आहेत. मध्ये सेकंदाचा पाचवा हिस्साही नाही, इतकी चिकटून. म्हणून एकच वाटली. दुसरी उघडते... तिच्यातही. तिसरीतही.

बाबा : म्हणजे अगदी आपल्या पायाखाली. दीड-एक किलोमीटर असेल.

लेक : बाकीच्या दोन ठाण्यांवरच्या यंत्रांत काहीच कसं नाही?

बाबा : एक धरणाच्या पायात आहे, त्याला दरवाज्यांच्या घरघरीत काही ऐकू येत नाही. दुसरं पलीकडच्या डोंगरावर, ते लांब पडतं. इतका बारीक आवाज फक्त आपल्या ठाण्याला येणार. म्हणून तर हे ठाणं इथे ठेवलं होतं.

लेक : तीन, तीन, चार, पाच. दाब वाढतोय तसे वाढताहेत. दिवसाला दोनपेक्षा जास्त आले की थांबायचं, असा नियम आहे. शनिवारीच थांबायला हवं होतं. आणि मी लिहून दिलं, शांत आहे. मी लिहून दिलं, बाबा!

बाबा : तू लिहिलंस कारण मी लिहून पाठवलं होतं. ‘ठीक’. एकतीस वर्षं मी डोंगरानं तोंड उघडायची वाट बघत बसलो, आणि त्यानं उघडलं तेव्हा उशीवर पाय ठेवून पेपर वाचत होतो.

आई : पुरे आता. दोघांनी नंतर छाती बडवून घ्या. बोगद्याच्या तोंडाशी माणसं आहेत ना? तिथे काम करणारा तो वेल्डर काल यांच्या प्लास्टरवर सही करून गेला. म्हणत होता, आज दुपारी तोंडाशीच काम आहे.

बाबा : साठ माणसं आहेत. आणि खाली वस्ती. घड्याळात किती झाले?

लेक : दहा सत्तावीस. लगेच धरणावर फोन लावते. सांगते, पुन्हा तपासताना लक्षात आलं की हे हादरे आहेत.

बाबा : एवढंच सांगणार?

लेक : एवढं पुरे आहे.

बाबा : नाही पुरे. धरणाचे साहेब विचारतील, दहा वाजता ज्या उड्या होत्या त्या साडेदहाला हादरे कशा झाल्या? तू म्हणशील, दोन पावलं दिसतात. ते म्हणतील, एकाच ठाण्याची रेघ, त्यातही सेकंदाचा पाचवा हिस्सा, आणि निरीक्षकाचा मेसेज तर आहे, तीन उड्या मारल्या म्हणून. आधी समिती बोलवा म्हणतील. समिती जमेपर्यंत बारा वाजतात.

लेक : मी समजावेन त्यांना.

बाबा : रेघेवर वाद घालता येतो. तळघराला कुलूप होतं, यावर वाद घालता येत नाही. ते सांग.

लेक : मग तुम्ही चार दिवस खोटी नोंद केली हेही सांगावं लागेल.

बाबा : लागेल.

लेक : मुदतवाढ आजच्या आज जाईल.

बाबा : जाईल.

लेक : एकतीस वर्षांच्या शेवटी फाइलमध्ये ‘खोटी नोंद’ लागेल. बाबा, मी नाही सांगणार. दुसरा काहीतरी मार्ग असेल. मला पाच मिनिटं द्या.

बाबा : तू सातवीत असताना सुट्टीत माझं रजिस्टर भरायचीस, आठवतं? एकदा हादऱ्याची वेळ चुकली तर खोडरबर घेऊन आलीस. मी तुला काय सांगितलं?

लेक : आत्ता नको ना ते.

आई : मी सांगते काय सांगितलं ते. इतके ओरडले होते की पोर माळ्यावर जाऊन बसली. संध्याकाळी मीच खाली उतरवली. चूक दिसू द्यायची म्हणे, तिच्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी खरं लिहायचं. तेव्हा मला वाटलं होतं, एवढ्याशा आकड्यासाठी काय हा माणूस!

बाबा : फोन लाव, बाळ. आणि मला जोडून दे. तुला माझ्याबद्दल बोलवणार नाही. माझं मी सांगतो.

लेक : बाबा...

बाबा : मला मायेनं वाचवायला जाशील आणि साठ घरांत रडारड होईल. मग तू त्या खिडकीत बसून माझ्याकडे कुठल्या तोंडानं बघशील, आणि मी तुझ्याकडे? लाव.

(लेक टेबलावरचा फोन धरणावर लावते. मोबाइल चालूच ठेवते.)

लेक : नमस्कार साहेब, केंद्रातून बोलतेय. दहाचा रिपोर्ट मी मागे घेते... हो, मागे घेते. बोगद्याचा दाब वाढवू नका... साहेब, शनिवारपासून पंधरा हादरे झालेत. मी ते चुकून खोडले... माझ्या हातानं खोडले, हो. मला ते ठाण्यावरच्या उड्या वाटल्या... त्या नव्हत्या. कशावरून, ते ठाण्याचे निरीक्षक स्वतः सांगतील. ऐका. मी दोन्ही फोन तोंडाला तोंड लावून धरतेय, जरा मोठ्यानं बोला. बाबा, बोला.

आई : सरळ बसा. पाणी देऊ?

बाबा : नको. नमस्कार साहेब. ठाण्यावरून... हो, मीच, उड्यावाला. साहेब, गेल्या मंगळवारी माझा पाय मोडला. मी कळवलं नाही. पहिले तीन दिवस माझ्या बायकोनं उड्या मारल्या...

आई : तेही सांगताय?

बाबा : सगळंच सांगायचं म्हटल्यावर तेही आलं. शनिवारपासून तळघरात कुणीही उतरलेलं नाही. कुलूप आहे. शनिवारपासूनचे माझे चारही मेसेज खोटे आहेत... हो साहेब, मी काय बोलतोय ते मला कळतंय... नाही, मुलीला ठाऊक नव्हतं. तिनं बापाच्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढीच तिची चूक... साहेब, मला काय म्हणायचं ते सावकाश म्हणा, मी कुठे पळत नाही, पळताही येणार नाही. पण आधी माणसं बाहेर काढा... हो. लेखी देतो. आत्ता देतो... नाही साहेब, रागावू नका असं मी म्हणणार नाही. रागावायलाच हवं... बरं. बरं. ठेवतो.

आई : काय म्हणाले?

बाबा : थांब. दे ते पाणी.

लेक : बाबा, मी लाइनवर आहे अजून. साहेब दुसऱ्या फोनवर कुणाला तरी सांगताहेत... ‘दरवाजा उतरवा’ म्हणाले. ‘सगळ्यांना बाहेर बोलवा, मोजून घ्या’ म्हणाले.

आई : सुटलो. चहा टाकते.

बाबा : थांब जरा. खिडकी उघड. बोगद्याच्या तोंडाचा भोंगा ऐकू येतो का बघ.

आई : येतोय की. हा काय. लोक बाहेर येताहेत गं! त्या वेल्डरची टोपी ओळखली मी. काय निवांत चाललाय बघा, जसा काही जेवायच्या सुट्टीला निघालाय.

बाबा : निवांतच चालू दे. घाबरवायचं नाही कुणाला.

लेक : साहेब परत आले. हो साहेब... हो. कळलं... मी सांगते त्यांना.

बाबा : सांग. मी तयार आहे.

लेक : बोगदा रिकामाच ठेवणार, आठ दिवस काही भरणार नाहीत. तुमच्या जुन्या नोंदी त्यांना हव्या आहेत, पाणी नव्हतं तेव्हाच्या. त्या भागात आधी कधी असे हादरे होते का ते बघायचंय.

बाबा : नव्हते. एकही नव्हता. रजिस्टर नऊ, दहा आणि अकरा. निळ्या कापडात बांधलेली आहेत. आणि?

लेक : आणि... संध्याकाळपर्यंत दुसरा निरीक्षक येतोय.

बाबा : संध्याकाळी. हं. बरोबर आहे. ठाणं एक रात्रही रिकामं ठेवू नये.

लेक : तुम्हाला आजपासून कामावरून कमी केलंय. चौकशी होईल. क्वार्टर महिनाभर ठेवता येईल म्हणाले. बाबा, मला हे माझ्या तोंडानं सांगावं लागतंय.

बाबा : नीट सांगितलंस. शब्द न गिळता. पायऱ्यांवर शेवाळ आहे एवढं त्या नव्या माणसाला सांगायला हवं. आणि सुरुवातीला त्याला कंटाळा येईल. पहिली दोन वर्षं फार कंटाळा येतो इथे.

आई : अहो.

बाबा : काय?

आई : डोळे पुसा. चष्मा ओला झालाय.

बाबा : झाला असेल. मला ते पाणी वरच्या खुणेला लागलेलं बघायचं होतं गं. फार बघायचं होतं.

आई : माहीत आहे मला. नाहीतर त्या पायऱ्या मी कशाला उतरले असते?

लेक : बाबा, मी येते. दुपारची गाडी मिळेल मला.

बाबा : वेडी आहेस का? अशा वेळी खुर्ची सोडून यायचं? आठ दिवस डोळ्यांत तेल घालून रेघ बघावी लागेल.

लेक : दुसरे बघणार आहेत. आमच्या प्रमुखांनी चिठ्ठी पाठवलीय टेबलावर. चौकशी होईपर्यंत मलाही रेघेपासून लांब राहायला सांगितलंय.

बाबा : तुला? तुला कशाला? सगळं सांगितलं ना मी, चूक माझी आहे म्हणून? जोड पुन्हा साहेबांना!

लेक : नाही जोडणार. तुम्ही लिहिलंत ते तुम्ही सांगितलंत. खोडणारा हात माझा होता, बाबा. शेजारी खरं लिहायचं म्हणजे माझ्याही शेजारी लिहायला नको का?

बाबा : असं म्हणतेस.

लेक : तुमचंच म्हणणं आहे.

बाबा : आपण दोघांनी मिळून काय करून ठेवलं गं हे?

लेक : साठ माणसं बाहेर आली, बाबा.

बाबा : हो. तेवढं आहे.

लेक : आई, तू तरी बोल काहीतरी.

आई : काय बोलू? वाईट वाटतंय मला, तुमच्या दोघांसाठी. पण खरं सांगू का? लग्न झाल्यापासून हे रेघेपाशी, आणि तू मोठी झालीस तशी तूही रेघेपाशी. तुम्ही दोघं एकाच वेळी रिकामे, हे मला आजवर कधी मिळालेलं नाही. ये तू, जेवायला थांबतो आम्ही.